माझगावची आपली शाळा

मुंबईत माझगावला जी सर एली कदूरी हायस्कूल आहे, तीच आपल्या वडीलधाऱ्यांची इझ्रेलाइट स्कूल. ही शाळा १८७५ साली निघाली. म्हणजे २०२५ साली तिला दीडशे वर्षे पूर्ण झाली. आपल्यासारख्या मूठभर ज्ञातीने काढलेली शाळा दीडशे वर्षे टिकावी, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. आपल्यापैकी कित्येकांनी त्या शाळेत पाटी-पेन्सिल हाती धरली. ज्यांनी धरली नाही त्यांच्या घरातले कोणी ना कोणी तेथे शिकलेले किंवा शिकवीत असलेले होतेच.

पण येथे इस्राएलात जन्मलेल्या आपल्या नातवंडांपुढे "कदूरी" हे नाव काढले तर त्यांना ताबोर डोंगराजवळची शेतकी शाळा आठवते. पंतप्रधान यित्झाक राबिन तेथे शिकले, हे त्यांना पाठ असते. त्याच नावाची आणखी एक शाळा मुंबईत आहे आणि त्यांचे आजी-आजोबा तेथे शिकले, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. ते त्यांना समजावून सांगता यावे म्हणून आम्ही या शाळेची हकिगत येथे क्रमाने मांडीत आहोत.

शाळेच्या आधीची शाळा

इझ्रेलाइट स्कूलचे महत्त्व कळायला तिच्या आधीची पन्नास वर्षे पाहावी लागतात. आपले पूर्वज कोकणात गावोगाव पसरलेले. केहीम, राजपुरी, चेऊल, दिवे, झिराड अशा गावांवरून आपली आडनावे पडली. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून शेजारीपाजारी आपल्याला शनवार तेली म्हणत. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शेमाची प्रार्थना एवढे पिढ्यान्‌पिढ्या जपलेले होते. परंतु हिब्रू पुस्तक वाचणारा माणूस गावात सापडणे कठीण. मराठी लिहिणे-वाचणेही थोड्यांनाच येई. धर्म होता तो रीतीभातीत होता, कागदावर नव्हता.

अठराव्या शतकात आपले लोक मुंबईस येऊ लागले. कोणी कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले, कोणी गोदीत सुतारकाम, गवंडीकाम करू लागले. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत पहिली मशीद बांधली. (आपले जुने लोक सिनॅगॉगला मशीदच म्हणत, हे तरुण वाचकांनी ध्यानात घ्यावे.) प्रार्थनेला जागा झाली, हज्जान मिळाला, कोचीनहून शिकलेली माणसे आली. पण मुलांच्या शाळेचे काय? ती आपल्या हातून निघाली नाही. ती काढली मिशनऱ्यांनी.

मायकेल सारगॉन नावाचे कोचीनचे एक यहुदी गृहस्थ ख्रिस्ती झाले होते. त्यांनी १८२६ साली मुंबईत आपल्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. अमेरिकन मिशनच्या मराठी शाळा मुंबईत आणि कोकणात होत्याच. पुढे १८२९ साली स्कॉटलंडहून डॉ. जॉन विल्सन आले. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते तेच हे. त्यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरणाचे पुस्तक लिहिले. त्यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन यांनी मुलींच्या शाळा काढल्या. आपल्या बऱ्याच मुलामुलींना पहिली अक्षरे या लोकांनी शिकविली, आणि त्याबद्दल उपकार मानायला हरकत नाही. आपल्यातले फारच थोडे ख्रिस्ती झाले. बाकीच्यांनी अक्षरे तेवढी घेतली. मराठीत छापलेला जुना करार हाती आला तेव्हा कित्येक घरांत मोशे, दावीद आणि एलिया यांच्या गोष्टी प्रथमच सबंध वाचल्या गेल्या.

तरी पण मुलगा दुसऱ्याच्या शाळेत, दुसऱ्याच्या धर्माच्या प्रार्थनेने दिवस सुरू करतो, ही गोष्ट आईबापांच्या मनाला बोचत असणारच. शिवाय शनिवारची अडचण. शाळा शनिवारी उघडी, परीक्षा शनिवारी ठेवलेली. शब्बाथ पाळावा की विद्या घ्यावी? आपली स्वतःची शाळा असल्याखेरीज या प्रश्नाला उत्तर नव्हते.

केहिमकरांचे काम

हे उत्तर शोधण्यासाठी ज्यांनी जन्म वेचला ते कै. हाईम शमुएल केहिमकर. त्यांचा जन्म १८३० सालचा, अलिबागचा. ऐन तेविशीत, १८५३ साली, त्यांनी आपल्या भावांच्या साथीने ज्ञातीत शिक्षणाचा प्रसार करण्यासाठी एक मंडळी स्थापन केली. आज तेवीस वर्षांच्या मुलाला आपण "अजून लहान आहे" म्हणतो! मंडळी निघाली खरी, पण पैसा कोठून येणार? आपल्यात सासूनांसारखे धनिक नव्हते. कारकून, सुभेदार, जमादार, सुतार, गवंडी ही आपली माणसे. मंडळीच्या स्थापनेपासून शाळेचे दार उघडेपर्यंत बावीस वर्षे गेली.

अखेर १८७५ साली इझ्रेलाइट स्कूल सुरू झाली. योग असा की त्याच वर्षाच्या डिसेंबरात डॉ. विल्सन मुंबईत वारले. ज्यांनी आपल्या मुलांना हिब्रूचे व्याकरण मराठीतून दिले ते गेले, आणि ज्या शाळेत आपलेच शिक्षक आपल्या मुलांना हिब्रू शिकविणार ती त्याच वर्षी उघडली.

शाळा उघडणे सोपे, ती चालविणे कठीण, हे संस्था चालविणारे सारेच जाणतात. केहिमकरांनी लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनकडे धाव घेतली. ही संस्था १८७१ साली निघालेली होती आणि पूर्वेकडील यहुदी मुलांच्या शिक्षणाला ती मदत करीत असे. तिच्याकडून शाळेला वर्षासनाची मदत मिळू लागली. प्राथमिक शाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था वर्गामागून वर्ग जोडीत एकोणिसावे शतक सरण्याआधीच हायस्कूल झाली.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. केहिमकरांनी १८९२ साली मुंबईत इंग्रजीत एक पुस्तिका छापली. तिच्या नावातच दोन कामे आहेत : बेने इस्राएलांच्या इतिहासाची रूपरेषा, आणि त्यांच्या शिक्षणासाठी आवाहन. म्हणजे आपला इतिहास सांगणे आणि शाळेसाठी मदत मागणे ही दोन्ही कामे एकाच पुस्तिकेत झाली. त्याचे कारण उघड आहे. लंडनच्या मंडळींना कोकणातले यहुदी कोण, कुठले, काय ठाऊक? परक्याच्या दारी हात पसरायचा तर आधी आपण कोण ते सांगावे लागते. केहिमकरांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून, जुन्या रीती, सणांची नावे, लग्नातले विधी टिपून ठेवले. त्याच उद्योगातून पुढे मोठा ग्रंथ तयार झाला. १८९७ सालापर्यंत तो लिहून झाला होता. पण छापला गेला तो चाळीस वर्षांनी, १९३७ साली, आणि तोही तेल अवीवमध्ये. ते पाहायला केहिमकर हयात नव्हते. आज जगात कोणीही बेने इस्राएलांविषयी लिहावयास बसला की त्याला तो ग्रंथ उघडावाच लागतो. आम्ही असे म्हणू की शाळेची चिंता नसती तर आपला इतिहासही कदाचित लिहिला गेला नसता.

तीन भाषांची शाळा

आता शाळेत काय शिकवीत ते पाहू. एका वाक्यात सांगायचे तर मराठी, इंग्रजी आणि हिब्रू. मराठी ही घरची भाषा, इंग्रजी पोटापाण्याची, हिब्रू देवाची. मुंबईतल्या दुसऱ्या कोणत्याही हायस्कुलाप्रमाणे येथे गणित, इतिहास, भूगोल होते आणि शेवटी मॅट्रिकची परीक्षा होती. पण त्याच वेळापत्रकात हिब्रूचा तासही होता. शनिवारी आणि आपल्या सणांना शाळा बंद. रविवारी इतर शाळांची मुले रस्त्यावर चेंडू खेळत, तेव्हा आपली मुले दप्तर घेऊन शाळेला निघत. ही मुले आज सुट्टीच्या दिवशी कोठे चालली, असा प्रश्न शेजाऱ्यांना पडे. आणि त्यांना उत्तर देता देता आपण कोण आहोत हे मूल आपोआप शिके.

हिब्रू शिकणे म्हणजे मराठी सोडणे, असे आपल्या शहाण्या माणसांना कधी वाटले नाही, हे विशेष आहे. मुंबईत १८४६ साली हिब्रू आणि मराठी अशी जोड हग्गादा शिळाप्रेसवर छापली गेली होती. १८७४ साली, म्हणजे शाळेच्या आदल्याच वर्षी, पुण्यास मराठी भाषांतरासह दुसरी हग्गादा निघाली. कै. योसेफ इझिकेल राजपूरकर यांनी तर हिब्रू प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणण्याचे काम जन्मभर केले. ते मुंबईच्या डेव्हिड सासून यांच्या शाळेचे हेडमास्तर होते आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षकही होते. विद्यापीठाच्या परीक्षांत हिब्रूला स्थान मिळाले त्यात डॉ. विल्सन यांचाही वाटा होता. त्यामुळे संस्कृत किंवा फारसी घेणाऱ्या मुलांच्या शेजारी हिब्रू घेणारी आपली मुले परीक्षेस बसू लागली. जी भाषा घरी फक्त प्रार्थनेत होती तिला गुण मिळू लागले, आणि गुण मिळू लागले की आईबापही तिच्याकडे लक्ष देतात!

याचा घरात काय परिणाम झाला? आपल्या पणज्यांच्या तोंडी सणांची नावे मराठी होती. वर्षाचा पहिला सण तो नव्याचा सण. ज्या दिवशी दारे बंद करून घरात उपास करायचा तो दारफळणीचा सण. वालाच्या बिरड्यावर सोडायचा तो बिरड्याचा रोजा. फाल्गुनात येणारा तो होळीचा सण. मूल शाळेतून आले आणि म्हणाले की याला रोश हशाना म्हणतात, त्याला योम किप्पूर, या रोज्याला तिशा बेआव, आणि त्या होळीच्या सणाला पुरीम. आजीने ऐकून घेतले. पण बिरडे करायचे सोडले नाही. एकाच दिवसाला दोन नावे झाली आणि दोन्ही घरात राहिली. ज्या केहिमकरांनी मुलांना हिब्रू नावे शिकविण्यासाठी शाळा काढली, त्यांनीच ती जुनी मराठी नावे आपल्या ग्रंथात उतरवून ठेवली. शाळेची खरी परंपरा कोणती असे कोणी विचारले तर आम्ही हीच सांगू. नवे शिकायचे, आणि जुने पुसायचे नाही.

मिस रूबेन

केहिमकरांनी शाळेचा पाया घातला. शाळेला नाव मिळवून दिले ते कै. रिबेका रूबेन यांनी. आम्ही शाळेत जाण्याच्या वयाचे झालो तेव्हा त्या हयात नव्हत्या. परंतु आमच्या आया आणि मावश्या "मिस रूबेन" म्हणताना आवाज नकळत खाली आणीत, एवढे आम्हांला आठवते.

त्यांचा जन्म १८८९ सालचा. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झाले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी मंडळींनी १८८४ साली काढलेली ही मुलींची हायस्कूल. मुलींना इंग्रजी शिकवावे की नाही यावर तेव्हा पुण्यात मोठे वाद झाले होते. त्या शाळेतून १९०५ साली रिबेका रूबेन मॅट्रिकला बसल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या सबंध परीक्षेत पहिल्या आल्या. मुंबई इलाख्यातल्या साऱ्या मुलांना मागे टाकून एक मुलगी पहिली आली, आणि ती बेने इस्राएल होती. आपल्या ज्ञातीतील किती बापांनी त्या दिवशी आपल्या मुलीकडे नव्या नजरेने पाहिले असेल!

पुढे त्या इंग्लंडला जाऊन शिकून आल्या. परत आल्यावर त्यांना मोठ्या जागा मिळत होत्या. १९१७ पासून काही वर्षे त्यांनी बेने इस्राएलांचे वार्षिक इंग्रजीत संपादित केले. त्याच साली आपल्या ज्ञातीची पहिली परिषद मुंबईत भरली होती आणि शिक्षण हा सर्वांच्याच जिव्हाळ्याचा विषय होता. १९२२ साली मिस रूबेन इझ्रेलाइट स्कूलच्या मुख्याध्यापिका झाल्या, आणि १९५० पर्यंत, अठ्ठावीस वर्षे, त्या त्याच खुर्चीवर राहिल्या. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी क्रमिक पुस्तकेही लिहिली. १९५७ साली त्या वारल्या.

अठ्ठावीस वर्षे म्हणजे एक पिढी. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पहिल्या मुलांची मुले त्यांच्याच हाताखाली येऊन शिकली. मुलगे आणि मुली एका शाळेत आणि वर मुख्य एक बाई, हे दृश्य त्या काळच्या मुंबईत रोजचे नव्हते. हुजूरपागेत शिकलेली आपली दुसरी मुलगी म्हणजे डॉ. जेरूशा झिराड. त्या विलायतेत डॉक्टरीची वरची परीक्षा देऊन आल्या आणि १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. १९६६ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. एक शिक्षणात, एक वैद्यकीत. या दोघींमुळे आपल्या ज्ञातीतल्या मुलींना दोन वाटा उघड्या झाल्या.

मुंबईच्या शाळांतून आणि इस्पितळांतून बेने इस्राएल मास्तरीणबाई आणि बेने इस्राएल नर्स इतक्या का दिसत, याचे उत्तर येथे आहे. आम्ही नर्सिंगला गेलो तेव्हा घरातून फारसा विरोध झाला नाही. परजातीच्या रोग्याला हात लावायचा, रात्रपाळी करायची, हॉस्टेलात राहायचे. दुसऱ्या कित्येक घरांत एवढ्यावरून रडारड होई. आपल्याकडे मात्र "मुलगी शिकलेली आहे, आपले आपण पाहील" असे म्हणणारी आजी असे. हे धैर्य काही आभाळातून पडले नाही. ते शाळेच्या बाकावरून घरात आले.

कदूरी हे नाव

आता नावाची गोष्ट. १९३० नंतरच्या दशकात सर एली कदूरी यांनी शाळेला मोठी देणगी दिली आणि इझ्रेलाइट स्कूलचे नाव बदलून सर एली कदूरी स्कूल झाले. कदूरी मूळचे बगदादचे. तरुणपणी सासून कंपनीच्या नोकरीत पूर्वेकडे गेले आणि हाँगकाँग, शांघाय येथे त्यांनी अपार पैसा मिळविला. तो त्यांनी शाळा आणि इस्पितळे यांवर सढळ हाताने खर्च केला. १९४४ साली, शांघाय जपान्यांच्या ताब्यात असताना, ते तेथेच वारले.

त्यांचे बंधू सर एलिस कदूरी १९२२ साली वारले. त्यांनी शाळेसाठी ठेवलेल्या पैशांतून ब्रिटिश सरकारने पॅलेस्टाईनमध्ये दोन शेतकी शाळा काढल्या. अरब मुलांसाठी तुलकरेम येथे १९३० साली, आणि यहुदी मुलांसाठी ताबोर डोंगराजवळ १९३३ साली. आपल्या नातवंडांना ठाऊक असलेली कदूरी ती ही. म्हणजे ताबोरची शाळा एका भावाची आणि माझगावची दुसऱ्या भावाची. नातवंडांना हे एवढे तरी सांगावे.

या देणगीचे मोल पैशात मोजून भागणार नाही. मुंबईत बगदादी यहुदी आणि आपण यांच्यात तेव्हा फार अंतर होते. त्यांच्यातल्या पुष्कळांना आपण आपल्या बरोबरीचे वाटत नव्हतो. शाळा वेगळ्या, मशिदी वेगळ्या, सोयरीक तर दूरच. असे असता एका बगदादी गृहस्थाने बेने इस्राएलांच्या शाळेला हात दिला. जुने नाव गेले म्हणून काही मंडळी तेव्हा हळहळली असतील. पण नाव गेले तरी शाळा राहिली, हे आज दीडशे वर्षांनी म्हणता येते.

आपण निघून आलो त्यानंतर

१९५१ च्या शिरगणतीत भारतात सुमारे २६ हजार यहुदी होते, त्यांत बहुतेक आपणच. २०११ च्या शिरगणतीत पाच हजारही भरले नाहीत. या दोन आकड्यांच्या मधल्या साठ वर्षांत आपली घरे उठली. उमरखाडी, भायखळा, माझगाव, आग्रीपाडा येथून निघून कुटुंबेच्या कुटुंबे दिमोना, बेर शेवा, अश्दोद, लोद, रामले येथे आली. दरवर्षी शाळेतला एकेक बाक रिकामा होत गेला.

येथे आल्यावर शाळेतले हिब्रू कामाला आले का? थोडे आले, थोडे नाही आले. आपण शिकलो ते प्रार्थनेचे हिब्रू, अक्षरांखाली खुणा असलेले. येथले वर्तमानपत्र बिनखुणांचे, आणि बसमधला माणूस बोलतो ते तिसरेच! उलपानात बसलो तेव्हा अक्षर ओळखण्याची मजल आपण आधीच मारलेली होती. इतर देशांतून आलेली कितीतरी माणसे "आलेफ"पासून सुरुवात करीत होती. इस्पितळात कामावर लागल्यावर औषधांची नावे इंग्रजीतून, रोग्याचे दुखणे हिब्रूतून, आणि मनातल्या मनात मोजदाद मराठीतून, अशी आमची नोकरी झाली. माझगावच्या वेळापत्रकातल्या तिन्ही भाषा एका पाळीत लागत.

आपण कोण हे सांगण्याचा प्रसंगही पुन्हा आला. १९६२ नंतर लग्नाच्या बाबतीत आपल्या लोकांकडे पिढ्यांचे दाखले मागितले जाऊ लागले, तेव्हा आपल्यातली म्हातारी-तरुण माणसे यरुशलेमेत धरणे धरून बसली. १९६४ साली क्नेसेटने ठराव करून बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत असे सांगितले. केहिमकरांना १८९२ साली लंडनसाठी जे लिहावे लागले होते, ते सत्तर वर्षांनी आपल्याला यरुशलेमेत उभे राहून सांगावे लागले. स्वतःचा इतिहास हाताशी असावा तो यासाठी.

शाळा मात्र बंद पडली नाही. माझगावला ती अजून उभी आहे, दारावर यहुदी माणसाचे नाव आहे, आणि वर्गांत आजूबाजूच्या वस्तीतली इतर धर्मांची मुले शिकत आहेत. आपल्यातल्या काही जणांना याचे वाईट वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी आपल्या मुलांना दुसऱ्यांनी आपल्या शाळांत बसवून अक्षरे दिली. आज आपण काढलेल्या शाळेत दुसऱ्यांची मुले अक्षरे गिरवीत आहेत. हे ऋण फेडण्याची याहून चांगली रीत कोणती?

वाईट वाटायचे तर दुसऱ्या गोष्टीचे वाटावे. केहिमकरांच्या काळी मुलांना मराठी येत होते आणि हिब्रू येत नव्हते, म्हणून शाळा काढावी लागली. आज आपल्या नातवंडांना हिब्रू उत्तम येते आणि मराठी येत नाही. शाळेतून मुलाने आणलेल्या नव्या नावाला आजीने घरात जागा दिली होती. आता आजीच्या जुन्या नावाला नातवाच्या घरात जागा मिळेल काय, हा खरा प्रश्न आहे. पुढच्या दारफळणीला नातवाला तो शब्द एकदा सांगून पाहावा. तो हसेल, पण विसरणार नाही.

शेवटी एक विनंती. आम्ही उभे आयुष्य वॉर्डात काढले आहे. रोगी कितीही जुना असो, त्याचा केसपेपर हरवला की नव्या डॉक्टरला तो अनोळखीच. आपल्या शाळेचा केसपेपर आज तुकड्यातुकड्यांनी आपल्या कपाटांत पडून आहे : वर्गाचे सामुदायिक फोटो, प्रगतिपुस्तके, बक्षिसाच्या पुस्तकावरची चिठ्ठी, शाळा सोडल्याचा दाखला. फोटोतल्या माणसांना ओळखणारे आपणच काय ते उरलो आहोत. तेव्हा वाचकहो, या शब्बाथनंतर तो फोटो कपाटातून काढा, मागच्या बाजूला पेन्सिलीने सालासह नावे लिहा, आणि ती मराठी व हिब्रू अशा दोन्ही लिप्यांत लिहा. पहिली ओळ आपल्यासाठी, दुसरी नातवंडांसाठी. मग घरातल्या सर्वांत लहान मुलाला जवळ बसवून ती नावे एकदा मोठ्याने वाचून दाखवा.